हात ढिला सोड

ब्रह्मपुरीच्या बाजारात बायका जैनब मन्यारणीकडूनच बांगड्या भरून घ्यायच्या, कारण तिच्या हातून बांगडी क्वचितच फुटे. हात कितीही आखडलेला असो, ती पंजा हातात घ्यायची, अंगठ्याचं मूळ चेपायची आणि विचारायची, "माहेर कुठचं वो बाई?" बाई माहेराचं सांगू लागली की हात आपोआप सैल पडायचा आणि बांगडी मनगटात जायची. आणि या बाईच्या पोटच्या पोराचा हात मात्र लाकडासारखा ताठ! नशिबाला थट्टेसाठी माणसं बरोबर सापडतात, दुसरं काय.

नदीम एकोणीस वर्षांचा होता. नागपूरहून त्यानं जुनी गिटार आणली होती आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे तिकडच्या गावोगावी रात्रभर चालणाऱ्या, नाटकात वाजवायचं एकच वेड डोक्यात घेतलं होतं. पण गिटार हातात आली की खांदे कानाला भिडायचे. डाव्या हाताचा अंगठा गिटारीची मान आवळून धरायचा आणि बोटं जागची हलायची नाहीत. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, खेळ करणाऱ्या एका नाटक कंपनीचं संगीत गुणवंतराव सांभाळायचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मंडईचे खेळ सुरू व्हायच्या आत हात सुटला, तं घेतो तुले."

नाही सुटला, तर घुग्घुसला चाचाच्या कोळशाच्या ट्रकवर जायचं होतं. घुग्घुसच्या त्याच रस्त्यावर, दहा वर्षांपूर्वी, जैनबचा नवरा जाफर स्कूटरवरून ट्रकखाली गेला होता. मागे बसलेला नदीम वाचला. त्यानंतर जैनब पोराला घेऊन माहेरी ब्रह्मपुरीला आली. "त्या रस्त्यानं एक नेला, तेवढा बस झाला," ती म्हणायची.

एका दुपारी पोरगं गिटार आपटायला निघालं, तेव्हा तिनं त्याला समोर बसवलं, त्याचा पंजा हातात घेतला आणि गिऱ्हाइकाचा चेपावा तसा चेपू लागली.

"बोल काई तरी. तुह्या अब्बाचं सांग."

पहिल्यांदा नदीम हसला. मग अब्बा बांगड्या निवडताना कसे गुणगुणायचे, ते सांगू लागला. बोटं सैल पडू लागली. आणि एकाएकी पुन्हा आवळली.

"तूच म्हनली होती ना अम्मी, अब्बाले घट्ट धरून बस. मी धरलो. टरक आला तं अब्बा वरडले, सोड, उडी मार. मी नाई सोडलो. शेवटी त्यायनंच मले ढकललं. मी सोडलो असतो तं थे बी वाचले असते."

जैनबला हे आजवर ठाऊक नव्हतं. दहा वर्षं पोरानं हे कसं पोटात ठेवलं असेल, या विचारानं तिचं काळीज फाटलं.

"तुही काई गलती नाई रे राजा. सांगनारी मी होती," ती म्हणाली आणि दोघं मायलेकरं पोटभर रडली.

हात काही त्याच दिवशी सुटला नाही. पण आता बोट आवळलं की नदीम थांबायचा, पंजा झटकायचा, श्वास सोडायचा, आणि तार वाजेल इतपतच दाबून पुन्हा हळूहळू सुरू करायचा. जैनब भाकऱ्या थापता थापता अब्बाचं काहीबाही विचारत राहायची. दिवाळी येईपर्यंत गिटार खरंच बोलू लागली. गल्लीतली पोरं दारात येऊन बसायची.

गुणवंतरावांकडे जाऊन आला तो हसतच. "घेतलं अम्मी!" जैनबनं गल्लीभर गूळ वाटला. नदीम पिशवी आणि गिटार घेऊन गेला. शेजाऱ्यांकडे त्याचा फोन यायचा; आज वडसा, उद्या आणखी कुठं.

नागभीडजवळच्या एका मंडईत जैनब बांगड्यांची पेटी घेऊन गेली, तर तीच कंपनी आलेली. रोजा सोडला आणि पोरासाठी खजूर पदरात बांधून ती स्टेजमागे गेली. गुणवंतराव तिला पाहून गोरेमोरे झाले.

"नदीम कुठी हाय भाऊ?"

"त्यानं सांगलं नाई तुमाले? बाई, पोरानं झकास वाजवलं. पन मालकानं कॅसिओ आनला. त्याच्यातच गिटारचा आवाज येते, एक मानूस कमी लागते. माह्या हातात काई नाई रायलं."

जैनब खजूर पदरातच घेऊन मागे फिरली. पोराच्या फोनवर मागे ट्रकचे हॉर्न वाजायचे. तिला वाटायचं, मोठं गाव असेल.

रमजान ईदला नदीम घरी आला. गिटार सोबत नव्हती. नखांच्या कडेला कोळशाची काळी रेघ, घासूनही न गेलेली. तिनं त्याच्यापुढे शीरखुर्मा ठेवला. घुग्घुसचं नाव घ्यायला तिची जीभ वळेना.

"अम्मी, नागभीडकडच्या मंडईले गेली होती म्हने तू?" त्यानं वाटीत बघतच विचारलं.

"गेली होती."

नदीमचा चमचा थांबला. "नाटक पाह्यलं?"

"पाह्यलं ना," जैनब म्हणाली. "लय चांगला वाजवला बेटा तू."

नदीमनं मान वर केली नाही. तिनं त्याच्या वाटीत आणखी शीरखुर्मा वाढला.