झीस्किंडच्या पोथीतून उडालेलं नाव

झीस्किंड लेखनिकाने लिहिलेल्या तोराच्या, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथाच्या, पोथीतून देवाचं नाव उडून गेलं, ही गोष्ट सफद गावामध्ये पहिल्यांदा कुजबुजली गेली ती मासळी साफ करणाऱ्या बायकांच्या घोळक्यात. दुपारपर्यंत तिला पंख फुटले. कुणी म्हणालं, अक्षरं खिडकीतून गेली. कुणी म्हणालं, छे, खिडकी बंद होती, ती धुराड्यातून गेली. सुताराच्या सासूने तर ती जाताना पाहिलीसुद्धा; आता तिला मोतीबिंदूमुळे स्वतःचा जावई ओळखू येत नसे, पण अक्षरं मोठी असणार. का गेली याबद्दल मात्र गावात दुमत नव्हतं. लेखनिकाच्या हातून काहीतरी पाप घडलं असणार. कोणतं, ते ज्याने त्याने आपापल्या आवडीनुसार ठरवलं.

खरं तर झीस्किंडकडे पाप करायला वेळच नव्हता. खालच्या आळीत जर्मन मुलखातून आलेल्यांची वस्ती होती, तिथे एका खोलीत तो आणि त्याची बायको ब्राइनल राहत. बुटका माणूस, नजर अधू, दाढीच्या टोकाला कायम शाई. सकाळी प्रार्थना, मग लेखणी, मग संध्याकाळची प्रार्थना. ब्राइनल मायफळं कुटून, हिराकस घालून शाई उकळायची आणि तिच्या ठसक्याबरोबर नवऱ्याला चार शब्दही ऐकवायची. तेवढाच काय तो घरातला आवाज.

त्याची लिहिण्याची रीत गावाला ठाऊक होती. नाव लिहिताना राजाने येऊन सलाम केला तरी मान वर करायची नाही, हा तर नियमच आहे. तो सगळेच पाळतात. झीस्किंड त्यापुढे एक पाऊल. कातड्याचं आख्खं पान तो लिहून काढायचा, पण जिथे जिथे देवाचं ते चार अक्षरांचं नाव यायचं तिथे बोटभर जागा कोरी सोडायचा. पान पुरं झालं की डोंगराखालच्या झऱ्यात जाऊन बुडी मारायची, ओल्या दाढीनेच परत यायचं, आणि कुणाशी एक शब्द न बोलता सगळी नावं एका दमात भरायची. थंडीत तो झरा असा असे की आत गेलेला माणूस बाहेर येईल तेव्हा पुण्यवान तरी होई नाहीतर आजारी तरी. झीस्किंड बहुधा दोन्ही होत असे.

पान भरलं की ते लिपमनकडे जायचं. लिपमन त्याचा मित्र. दोघे एकाच जहाजातून आले होते, एकाच बादलीत ओकले होते. गोरा, गुबगुबीत, आवाज मधासारखा. पोथ्या तपासणं हे त्याचं काम. आणि दर शुक्रवारी, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सूर्यास्ताला लागण्याआधी, दोघे प्रार्थनाघरामागच्या दगडी बाकावर बसून एकमेकांना आठवड्याची पापं सांगायचे. सफदमध्ये तेव्हा ही रीतच होती: प्रत्येकाचा एक जोडीदार, आणि त्याच्यापासून काही लपवायचं नाही. लपवलेलं पाप शब्बाथच्या दारात आडवं झोपतं, असं म्हणत.

तर झीस्किंडची पोथी पुरी झाली, नाचत गात प्रार्थनाघरात आली, तिथल्या पोथ्यांच्या पेटीत बसली. सात महिने गेले. हिवाळ्यात एका शब्बाथला समुद्र दुभंगल्याचा अध्याय निघाला. वाचणारा तालात वाचत होता आणि एकदम थांबला. खोकला. पुन्हा मागून वाचायला घेतलं आणि पुन्हा तिथेच थांबला. लोक वाकून बघतात तो काय, जिथे नाव हवं तिथे बोटभर कोरं कातडं.

पोथी गुंडाळली गेली, दुसरी काढली गेली. रविवारी सकाळी रब्बींसमोर, म्हणजे धर्मगुरूंसमोर, चौकशी बसली. प्रार्थनाघराचा कारभार पाहणारा कोपल म्हणून एक लांब नाकाचा गृहस्थ होता, त्याने विचारलं, "झीस्किंड, एखादी जागा भरायची राहिली असेल का?"

"मी सगळी भरली," झीस्किंड म्हणाला. "आणि चुकून राहिली असती तर लिपमनच्या नजरेतून सुटली नसती. त्याला विचारा."

सगळ्यांनी लिपमनकडे पाहिलं. लिपमनने कपाळावरचा घाम पुसला. हिवाळा होता हे आधी सांगितलंच आहे.

"पान मी वाचलं होतं," तो म्हणाला. "नाव तिथे होतं."

झालं. दोन पुरुषांची साक्ष म्हणजे धर्माने सत्य. नाव होतं आणि आता नाही, म्हणजे गेलं. असं पूर्वी घडलेलंच आहे. मोशेने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या आपटल्या तेव्हा अक्षरं आधी उडाली, आणि मगच दगड हाताला जड झाले, हे सफदमधलं शेंबडं पोरही सांगेल. तोरा म्हणजे शाई नव्हेच, पांढऱ्या अग्नीवर लिहिलेला काळा अग्नी. अग्नीला कुठे राहायचं नि कुठून उठून जायचं ते कळतं. रब्बींनी निकाल दिला: ते पान काढून रद्द पोथ्यांच्या कोठडीत ठेवावं, नवं पान दुसऱ्या लेखनिकाने लिहावं, आणि झीस्किंडने आपलं अंतःकरण तपासावं.

झीस्किंडने ते नऊ वर्षं तपासलं.

लिहायला त्याला पुन्हा कुणी कातडं दिलं नाही. तो घोड्याच्या केसांच्या चाळण्या विणू लागला. सोमवार-गुरुवार उपास. बर्फ पडला की उघड्या अंगाने त्यात नऊ वेळा लोळायचं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. तोरामध्ये प्रत्येक जिवाचं एक अक्षर असतं असं म्हणतात. उडालेल्या चारांपैकी एक माझंच असणार. देव रागावला असता तर पोथी जाळली असती. त्याने फक्त माझ्या हातातून स्वतःला काढून घेतलं. का, एवढं कळलं तर पुन्हा लेखणी धरता येईल.

म्हणून दर शुक्रवारी बाकावर तो खोदत बसायचा.

"त्या आठवड्यात मी ब्राइनलवर खेकसलो होतो, शाई पातळ झाली म्हणून. त्यापायी असेल का रे?"

लिपमन डोळे मिटून विचार करायचा. "असू शकेल. पण मला वाटतं, अजून खोल आहे."

"लहानपणी काकांच्या झाडाचं सफरचंद तोडलं होतं."

"खोल जा, झीस्किंड. खोल जा."

मग लिपमनची पाळी. या आठवड्यात शेजाऱ्याच्या अंजिरांकडे हावरटासारखं पाहिलं. प्रार्थनेत जांभई आली. एवढंच.

लिपमनचं मात्र त्या काळात बरं चाललं होतं. उडालेलं नाव उडण्याआधी पाहिलेला जिवंत माणूस तो एकच. येणारेजाणारे यात्रेकरू त्याला गाठून विचारत, दिसत कसं होतं? पहिल्या वर्षी तो सांगायचा, नेहमीसारखीच शाई. तिसऱ्या वर्षी तिला जरा चमक आली. सहाव्या वर्षापर्यंत काळा अग्नी पांढऱ्या अग्नीवर नाचत होता आणि लिपमनच्या भुवया भाजल्या होत्या. भुवया तशा त्याला जन्मापासूनच विरळ.

ब्राइनलला हे सगळं दिसत होतं. चाळणीचे केस ओढता ओढता ती म्हणायची, "अहो, तुमची पापं तर संपली. माझी घ्या थोडी, माझ्याकडे पुष्कळ आहेत."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. नऊ वर्षांत तुम्ही बर्फ झिजवलात, पण उत्तर काही निघालं नाही. प्रश्नच वाकडा असेल."

नवव्या वर्षी वसंतात रद्द पोथ्यांची कोठडी भरली. कोठडी भरली की सगळे फाटके ग्रंथ मातीच्या रांजणांत घालून, माणसाला नेतात तसे कबरस्तानात नेऊन पुरतात. वाटेत ढोल, गाणी, फुटाणे, पोरांची पळापळ. प्रत्येकाने एकेक गठ्ठा उचलायचा. ब्राइनलने उचललेल्या गठ्ठ्याची दोरी सुटली आणि वरच नवऱ्याचं अक्षर दिसलं. तिने पान उन्हात धरलं. बराच वेळ धरलं. मग नवऱ्याच्या बाहीला ओढून भिंतीशी नेलं.

"ही शाई कुणी उकळली?"

"तू."

"मायफळाची शाई कातड्यात दात रोवते. खरवडून काढली तरी खाली तपकिरी सावली राहते, उन्हात धरलं की दिसते. दिसते का?"

झीस्किंडने पान नाकाशी नेलं. "नाही. पण ब्राइनल, ती उडाली. खरवडली नाही."

"बरं, उडाली. दातांसकट उडाली. लिहिण्याआधी तुम्ही कातड्यावर काय चोळता?"

"खडूची पूड."

"आणि शाई बसली की?"

"खडू शाईत मुरतो. जातो."

"बोट फिरवा तिथे."

त्याने फिरवलं. बोट पांढरं झालं.

"देवदूत अक्षरं नेतील," ब्राइनल म्हणाली, "मी नाही म्हणत नाही. पण जाताना खडू परत चोळून ठेवणार नाहीत."

झीस्किंड बोटाकडे बघत उभा राहिला. आधी त्याच्या छातीतून असा श्वास सुटला, जणू नऊ वर्षं तो तिथेच अडकला होता. विसरलो. नुसता विसरलो. त्या पानात अकरा नावं होती, दहा भरली, एक राहिलं. बहुतेक थंडीने बोटं बधिर झाली असतील. देव कुठेही गेला नव्हता. तो तिथे आलाच नव्हता, बोलावलंच नव्हतं तर येणार कसा.

आणि मग दुसरा श्वास घेता येईना. हे भगदाड ओळीच्या सुरुवातीलाच होतं, आंधळ्यालाही बोटाने लागलं असतं. ते पान तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात कोपल ओरडत आला, "अहो, काय उभे राहिलात, रांजण बंद करायचाय." पवित्र नावांचं पान, ते काय खिशात घालून घरी न्यायचं? कोपलने ते हातातून घेतलं, रांजणात सारलं, वर माती लिंपली.

शुक्रवारी झीस्किंड बाकावर बसला आणि म्हणाला, "आज आधी तू."

लिपमनने सुरुवात केली. लोणच्याचं भांडं. कुणाच्या तरी सुनेबद्दल वाईट विचार.

"खोल जा," झीस्किंड म्हणाला.

लिपमन थांबला. त्याने मित्राच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा गुबगुबीत चेहरा हळूहळू रिकामा झाला.

"पान सापडलं?"

"खडू होता अजून."

 मग लिपमन म्हणाला, "त्या दिवशी माझ्या पोरीची सोयरीक ठरत होती. पाहुणे दारात. चार पानं राहिली होती. तुझा हात मला माहीत होता रे, वीस वर्षांत तुझी चूक सापडली नव्हती. तुझ्यावर विश्वास होता म्हणून सोडली."

"आणि रब्बींनी विचारलं तेव्हा?"

"सगळे बघत होते. तोंडातून निघून गेलं."

"एक वाक्य निघून गेलं. नंतरचे साडेचारशे शुक्रवार?"

"सांगणार होतो. दर वेळी सांगणार होतो. पण तू इतका सुंदर पश्चात्ताप करत होतास. लोक तुझ्याकडे बघून सुधारले. दारू सोडली काहींनी."

"मी बर्फात लोळत होतो, लिपमन."

"मी पंचा धरून उभा असायचो ना," लिपमन म्हणाला, आणि खरंच त्याचा आवाज दुखावल्यासारखा झाला.

झीस्किंडने मान हलवली. मारामारीचा स्वभाव नव्हता. तो एवढंच म्हणाला, "उद्या सगळ्यांसमोर सांग. मला पुन्हा लिहायचंय. दुसरं काही नको."

"सांगतो," लिपमन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. लिपमन बसून राहिला. पोथी काढायची वेळ आली तरी बसून राहिला. तेव्हा झीस्किंड उठला, चार पायऱ्या चढला आणि पेटीच्या दारावर त्याने हात ठेवला. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस असा हात ठेवून वाचन रोखू शकतो, ही आमच्या जर्मन मंडळींची जुनी चाल. पण असं कुणी केल्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. 

"नाव उडालं नव्हतं," झीस्किंड म्हणाला. "मी लिहायला विसरलो होतो. लिपमनने ते पान वाचलं नव्हतं. हे मला परवा कळलं, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला कातडं द्या, मी लिहितो."

कोपलने नाक खाजवलं. "पुरावा?"

"पान कालपरवा तुम्हीच पुरलंत. ब्राइनलने पाहिलंय."

"बाईची साक्ष," कोपल म्हणाला आणि पुढे काही बोलायची गरज त्याला वाटली नाही. "लिपमन, तुम्ही बोला."

लिपमन उठला. मधासारखा आवाज भरून आला होता.

"भावांनो, मी काय बोलू? नऊ वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसलोय. ज्याच्या हातून नाव स्वर्गात गेलं तो आज म्हणतोय, मी विसरभोळा. असे लोक आपलं तेज झाकून ठेवतात. आपण त्यांना झाकू द्यावं."

प्रार्थनाघरभर एक हुंकार उमटला. म्हातारे मान डोलावू लागले. बायकांच्या जाळीमागून कुणीतरी हुंदका दिला. तो ब्राइनलचा नव्हता, ब्राइनल शिव्या देत होती. वाचन सुरू झालं. बाहेर पडताना दोन बायांनी झीस्किंडच्या झग्याच्या काठाचं चुंबन घेतलं.

सोमवारी तो कोपलकडे कातडं मागायला गेला. कोपल हात जोडून उभा राहिला, आणि त्याने नावाआधी आदराचं 'रेब' लावलं. "रेब झीस्किंड, तुमच्यासारख्याने? पुन्हा अक्षरं गेली तर समाजाने काय वाचायचं?"

झीस्किंड त्यानंतर सोळा वर्षं जगला. चाळण्या उत्तम विणायचा. उपास सोडले, बर्फ सोडला, शुक्रवारचा बाक सोडला. लिपमनने नवा जोडीदार पाहिला, तरुण, भोळा. रस्त्यात भेटला की लिपमन आधी हात करायचा, आणि झीस्किंड चाळणी उन्हाकडे धरून तिची भोकं तपासायचा. पुढे त्याच्या कबरीवर लोक दिवे लावू लागले. पांढऱ्या अग्नीची गोष्ट अजून सांगतात, छान सांगतात.

अक्षरं उडाली नव्हती. झीस्किंड ती लिहायला विसरला होता, आणि लिपमनने ते पान वाचलंच नव्हतं.