फौजदाराची मिशी

गणपतीतल्या नाटकासाठी लेक माझ्या ओठावर मिशी चिकटवत होती. त्या डिंकाचा उग्र वास नाकात शिरला आणि मी नेदरलँड्समधल्या युट्रेख्टमधून थेट आमच्या जुन्या शारजात पोचले.

तिथे जुलैत अंगाची लाही व्हायची, म्हणून नाटकं, गाणी सगळं एसीच्या हॉलमध्ये. त्या वर्षी सुट्टीमुळे निम्मे नट भारतात गेलेले. दिग्दर्शक जोशी म्हणाले, "वहिनी, प्रॉम्प्टिंग करून तुम्हाला अख्खं नाटक पाठ आहे. फौजदार तुम्हीच करा."

प्रयोगाच्या दिवशी गाडीपासून हॉलपर्यंतच्या उन्हातच मिशीचा डिंक सुटला. मी रंगमंचावर गेले आणि मिशी एका बाजूने लोंबायला लागली. मी ती उपटली आणि शेजारच्या हवालदाराच्या हातावर ठेवली. "ही पंचनाम्यात घ्या."

लोक हसत हसत उभेच राहिले. टाळ्या थांबेनात. तेव्हा वाटलं, कशीबशी वेळ मारून नेली. आज कळतं, विंगेतून इतरांना वाक्यं पुरवणाऱ्या बाईने त्या दिवशी स्वतःचं वाक्य म्हटलं होतं.

"आई, विल इट स्टे?" लेकीने मिशी दाबत विचारलं.

"पडली तर पडू दे," मी म्हणाले. "पुढचं वाक्य आहे माझ्याकडे."