कागदाची गाठ

वसतिगृहात आज ट्रंक उघडली आणि वाळलेल्या कडुलिंबाचा वास आला. अंबडच्या कचेरीत कागदांच्या बस्त्यांत, म्हणजे फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांत, कसर लागू नये म्हणून असाच पाला घालत. कॉलेजला येण्याआधी तिथे मी नवा उमेदवार, काम शिकणारा कारकून होतो.

एक म्हातारी जमिनीच्या कागदासाठी दारात उभी होती. "जल्दी करा बाबा, कोर्टात माझ्या नावाचा पुकारा व्हईल." बस्ता मीच बांधलेला, आणि माझीच निरगाठ सुटेना. नोकरी गेली, असंच वाटलं.

दफ्तर सांभाळणारे चाचा म्हणाले, "काय रे, शेळी बांधली का? बिलकुल सुटाय नको म्हणून?"

आम्ही धनगर. माझी मान खाली गेली.

त्यांनी दातांनी गाठ सोडली, म्हातारीचा कागद काढला. मग फडकं माझ्याकडे दिलं. "सुरगाठ मार. कागद आपला न्हाई, मागणाऱ्याचा हाय."

चाचांचं शेळीचं पहिलं वाक्य विसरायला मला वर्षं लागली. कॉलेज झाल्यावर दफ्तराचंच काम करायचं ठरवलंय, ते मात्र कागदाच्या दुसऱ्या वाक्यामुळे.