बुटातली ज्वारी

माझा थोरला भाऊ वामन अकोल्यात वारला, हे मला परतवाड्यात मेथी निवडताना कळलं. भाच्याचा माणूस निरोप घेऊन आला, तोवर तिकडे सगळं आटोपलंही होतं. मला रडू आलं नाही, राग आला. तीन आठवडे झाले, अजून गेला नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा सरळच लिहिते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. अमरावतीजवळ आमचा फुलांचा मळा. त्या सुमारास एका बूट कंपनीनं अमरावती, अकोला, धामणगाव अशी गावोगाव दुकानं काढली. सगळीकडे एकच पाटी, एकच भाव, घासाघीस नाही. दादा अमरावतीच्या दुकानात लागला. तिथली रीत अशी, की विकणाऱ्यानं बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचा आणि बूट चढवून द्यायचा. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “लोकायचे पाय मांडीवर घेऊन राहिला, अन् त्याच हातानं देवाचे हार करशील? फुलाले हात लावू नको आता.” दादानं पुन्हा लावला नाही. तो दुकानाचाच झाला.

काम त्याला जमलं. काही वर्षांत अकोल्याचं दुकान त्याच्या हाती दिलं, अंगावर कोट आला, आम्हीही मिरवलं. पण आमच्या लोकांचे पाय काळ्या मातीत अनवाणी चाललेले, बोटं पसरलेली, आणि कंपनीचे बूट अरुंद. लग्नासाठी बूट घ्यायला आलेला शेतकरी पाय कोंबायचा, शिव्या द्यायचा आणि तसाच परत जायचा. रुंद बूट पाठवा, म्हणून दादानं वरच्या हपिसाला पत्रावर पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग त्यानं घरची अक्कल चालवली. बुटात ज्वारी भरायची आणि पाणी ओतायचं. दाणे फुगतात, चामडं ताणतं. मग दाणे काढून बूट सावलीत सुकवायचे. बार्शीटाकळीहून लोक अकोल्याला येऊ लागले. विक्री वाढली तशी कंपनीनं शाबासकी पाठवली... कशी वाढली, ते विचारलं नाही.

एकदा एक जोड खोक्यात तसाच विसरून राहिला. नेमके त्याच आठवड्यात वरचे साहेब तपासणीला आले, त्यांनी नेमकं तेच खोकं उघडलं, आणि बुटातून बोटभर फिक्कट पिवळे कोंब वर आलेले. साहेब म्हणाले, “दुकान है या खेत?” सगळे हसले, दादाही हसला. संध्याकाळच्या आत त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. माल नासवला म्हणे. अकरा वर्षांची नोकरी...

दोन वर्षांनी त्याच दुकानात रुंद बूट आले. वर पाटी, खास वऱ्हाडासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादा मात्र खूश. म्हणाला, “माहं म्हणणं पटलं ना त्यायले. आता बलावतीन मले.”

“तुले लाज कशी नाई वाटत? हाकललं त्यायनं तुले.”

“साहेबाले माईत नसन, कोनं सुचवलं ते.”

कोणी बोलावलं नाही. पुढे मुलाच्या किराण्यात बसून त्यानं उरलेला जन्म काढला, आणि शेवटपर्यंत त्यांची वाट पाहिली. कंपनीचा मला राग आहेच, पण ह्या वाट पाहण्याचा त्याहून जास्त आहे.

दहाव्याला मी अकोल्याला गेले. सुनेनं त्याची ट्रंक उघडली. आत कागदच कागद, आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं गिरवलेलं एक पाऊल. खाली नाव, गाव, रुंदी. घरी येईल त्याला तो कागदावर उभा करायचा, म्हणे. नात्यातले, शेजारी, दूधवाला, कोणी सोडला नव्हता. कंपनीनं विचारलंच तर दाखवायला. वरचा कागद गेल्या दिवाळीचा होता, अक्षर थरथरलेलं.

सुनेनं विचारलं, “आत्याबाई, रद्दीत देऊ का?”

मी म्हटलं, नको.

“जागा अडते ना.”

“अडू दे.”