बेंबीच्या वरची पाटलोण

मी मुळात कमी बोलणारा. पण त्या पाटलोणीबद्दल वर्षभर गप्प राहिलो तो स्वभाव नव्हता, भ्याडपणा होता. आता पन्नाशीत लिहून टाकतो.

अकोल्याच्या कचेरीत मी कारकून होतो. कचेरीत धोतर-कोट, शेतावर धोतर-बंडी. जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून साहेबासारखी पाटलोण शिवून घेतली. उंच कमरेची, पुढे चुण्या, पाय ढगळ. ती मी धोतर जिथे खोचतो तिथेच, बेंबीखाली बांधली. आसन गुडघ्यांशी लोंबलं, टाचा कापडात अडकल्या आणि कचेरीच्या पायऱ्यांवर मी सपशेल आडवा झालो.

सगळे हसले. मी दोन सोबत्यांना घेऊन तडक शिंप्याकडे गेलो आणि भर गल्लीत त्याला अडाणी म्हणालो. तो काहीतरी सांगू बघत होता. मी सांगू दिलं नाही. कचेरीतल्या लोकांनी त्याचं दुकान सोडलं.

आठ दिवसांनी बायको त्या कापडाच्या पिशव्या करायला बसली. कात्री लावण्याआधी म्हणाली, "अवं, थोडी वर तं ओढून पाहा." बरगड्यांपर्यंत ओढली आणि अंगावर झकास बसली.

मग रविवारी तीच घालून, वर बंडी चढवून मी गावाकडच्या शेतावर जाऊ लागलो. वाका, मांडी घाला, गाडीवर चढा. कुठे काचत नाही, पाठ उघडी पडत नाही, आत धोतरासारखी हवा खेळते. कापूस वेचताना मी चक्क गात असे. सोमवारी मात्र पुन्हा धोतर, कारण पाटलोण कचेरीत दिसली की शिंपी खरा ठरणार होता. असं वर्ष काढलं.

एकदा त्याला रिकाम्या दुकानात जुनी गोधडी सांधताना पाहिलं, आणि राहवेना. दुसऱ्या दिवशी पाटलोण घालून कचेरीत गेलो, खरं सांगितलं आणि सगळ्यांना घेऊन त्याच्याकडे आलो.

"काका, चूक माही होती. वर्षभरापासून मले मालूम होतं."

म्हाताऱ्याने माझ्याकडे नाही, पाटलोणीकडे पाहिलं. एक चुणी बोटाने सरळ केली. "मंग आता शिक्षा भोगा," म्हणाला.

तेव्हापासून पाटलोणीचं नवं गिऱ्हाईक आलं की मला बोलावणं येई. मी ओट्यावर उभा राही. तो मापाच्या गजाने माझा कोट वर उचलून म्हणे, "हे पाहा, कंबर इथं असते. या बाबूले समजाले एक साल लागलं."

सगळ्यांत आधी मीच हसायचो.