मसाल्याचा बॅकअप

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. लोक आमच्याकडे येतात तेव्हा रडकुंडीला आलेले असतात, आणि महिन्याभराने तीच गोष्ट चारचौघांत सांगताना सगळ्यांत जास्त तेच हसतात. मी फक्त लक्षात ठेवते.

धंदा म्हणजे काय, तर कर्जतला मी आणि माझा भागीदार प्रमोद मिळून कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. कर्जत-खोपोली पट्ट्यातल्या दुकानदारांचा, डॉक्टरांचा, ट्रान्सपोर्टवाल्यांचा डेटा रोजच्या रोज क्लाउडवर ठेवायचा, त्यावर लक्ष ठेवायचं आणि गेला तर परत आणून द्यायचा. हल्ली फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारे व्हायरस निघालेत ना, त्यांच्यामुळे आम्हाला बरे दिवस आले आहेत. असं म्हणू नये, पण आलेत!

* * *

पळसदरीच्या बळीरामभाऊंचं धरणाजवळ शेतघर आहे. शनिवार-रविवार ते पाहुण्यांना देतात. सगळी बुकिंगं कॉम्प्युटरवर. बॅकअपचं विचारलं तर म्हणाले, आमचा हाय. सी ड्राइव्हची कॉपी रोज डी ड्राइव्हवर जाते.

मी समजावलं की भाऊ, दोन्ही एकाच डब्यात आहेत. एकाच कपाटाचे दोन कप्पे. उद्या कपाटच उचलून नेलं तर? त्यावर त्यांनी मला आपलं कपाट दाखवलं. ते भिंतीत बसवलेलं होतं.

व्हायरस आला तेव्हा सी गेला आणि पाठोपाठ डी पण गेला. मी कसनुसं तोंड करून त्यांच्यासमोर बसले होते. भाऊंनी दोन्ही ड्राइव्ह उघडून नीट पाहिले, फाइलला फाइल जुळवली आणि समाधानाने मान डोलावली.

"दोन्हीकडचं सारखंच गेलं बघा, ताई. म्हंजे कॉपी बरोबर होत होती!"

* * *

आमच्या गावातले एक डॉक्टर मात्र शहाणे. त्यांनी वेगळी हार्ड डिस्क घेतली आणि सुरक्षित म्हणून घरी नेऊन ठेवली. पण मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं पूजेला बसतात, तशी डॉक्टरांच्या आईंनी डिस्कही बसवली. हळद, कुंकू, फूल. बसवली ती बसवलीच. आंघोळ केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि संध्याकाळी तर मुळीच हलवायची नाही.

डिस्क रोज देवांबरोबर न्हाऊ लागली. व्हायची ती गत झाली आणि डॉक्टर आमच्या क्लाउडवर आले. सगळं सुरळीत बसवून मी आणि प्रमोद निघालो, तर आई दाराशी उभ्या. "तुमचं ते क्लाउड का काय, ते दिसत नाही. मग आता पूजा कशाची करायची?"

प्रमोदने गपचूप दवाखान्यातला जुना राउटर काढून त्यांच्या हातात दिला. तो आता देवघरात आहे. आणि खरं सांगते, दवाखान्यातलं नेट तेव्हापासून एकदाही बंद पडलेलं नाही.

* * *

चौकच्या बापूंचा टेंपोंचा धंदा आहे. त्यांचा विश्वास आमच्यावर पूर्ण, पण तपासून घेतलेला बरा असं त्यांचं मत. आठवड्यातून एखादी फाइल ते स्वतःच पुसायचे आणि फोन करायचे, "गेली ओ ताई." आम्ही धावतपळत आणून द्यायचो. मग शांतपणे, "आली. बघत होतो, तुमी जागे हाय का."

एका सकाळी फोन आला, सगळ्याच फायली गेल्या. मी म्हटलं, बापू, आज दुकानात गर्दी आहे, उद्या पुसा. पलीकडून एकदम बारीक आवाज, "आज मी नाय पुसलं."

खरा व्हायरस होता! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही सगळं जागेवर आणलं. बापूंनी प्रत्येक टेंपोचा हिशोब उघडून पाहिला, चहा मागवला आणि मग मनातलं बोलले. "पण काय सांगू, त्याच्या हातात लई सफाई हाय. मला एक पुसायला इतका वेळ लागतो."

* * *

खोपोलीच्या शोभावहिनी घरचा लाल मसाला करून विकतात. आमच्याकडचं सगळ्यांत गुणी गिऱ्हाईक. मी सगळ्यांना सांगते तेच त्यांना सांगितलं होतं: जे परत बनवता येत नाही ते आधी बॅकअपमध्ये घाला. आणि परवलीची ओळ स्वतः ठरवा, आम्हालाही सांगू नका. त्या ओळीशिवाय आतलं कुणालाच दिसत नाही. आम्हाला दिसतो तो फक्त आकार.

आकाराचीच तर गंमत होती. मसाल्याच्या ऑर्डरी त्या किती असणार? पण वहिनींचा बॅकअप दर महिन्याला फुगत चालला. मी फोन केला की वहिनी, काहीतरी चुकतंय, उगाच बिल वाढेल. त्या म्हणाल्या, "सीझन हाय गं. वाढू दे."

भर पावसाळ्यात कसला आलाय मसाल्याचा सीझन? प्रमोद म्हणाला, एखाद्या बाईला आपली रेसिपी व्हिडिओसकट ठेवावीशी वाटली तर तुला काय त्रास आहे?

* * *

वहिनींचे यजमान म्हणजे अनंतदादा. पुढे त्यांचा फोटो स्टुडिओ, मागे घर, दोघांत मिळून कॉम्प्युटर एकच. माझी जेवढी भांडणं या माणसाशी झाली तेवढी कुणाशीच नाही. मसाल्याचा काय तो बॅकअप घ्या, म्हणायचे, माझ्या फोटोंना हात लावायचा नाय. "लोकांच्या लेकीबाळींचे फोटो हायेत. ते मी परक्याच्या घरी ठेवू?" मी कुलपाचं, परवलीच्या ओळीचं सगळं पुराण सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि दुपारच्या झोपेला निघून जायचे. रागही यायचा आणि माणूस आवडायचाही.

खोपोलीपासून लोधिवलीपर्यंत कुणी गेलं की पहिला फोन भटजींना आणि दुसरा अनंतदादांना. कारण बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचा धड फोटो असा एकच, कुणाच्या तरी लग्नात दादांनी काढलेला. तो शोधायचा, मागची गर्दी पुसायची, मोठा करून फ्रेम करायचा. फोटो पुसट आला म्हणून दादांनी कुणाला कधी परत पाठवलं नाही.

एक दिवस त्यांना मेल आला, फोटो प्रिंट करायचे आहेत, सोबत जोडलेत. दादांनी उघडला. त्यांचं कामच ते. संध्याकाळपर्यंत सगळ्या लग्नांना, बारशांना, साखरपुड्यांना कुलूप!

मी सकाळी पोचले तेव्हा स्टुडिओत लोधिवलीचा एक माणूस बसला होता. त्याची आई गेली होती, दहाव्याला फ्रेम हवी होती. आईचा फोटो जगात एकच, पुतण्याच्या हळदीतला, आणि तो या कॉम्प्युटरमध्ये. दादा त्याच्याकडे बघत नव्हते. मला म्हणाले, "तू बोल आता. तुझा हक्क हाय." मी खाली वाकून कॉम्प्युटरची नेटची वायर काढली.

एवढ्यात मागच्या दारातून वहिनी आल्या. हात लालभडक, मिरच्यांचा ठसका घेऊनच. म्हणाल्या, तुझा लॅपटॉप काढ आणि माझं मसाल्याचं उघड.

मी म्हटलं, वहिनी, तुमच्या ऑर्डरी कुठे जात नाहीत, नंतर बघू. त्यांनी ऐकलं नाही. हात पदराला पुसून बसल्या. त्या टाइप करत असताना मी रीतसर तोंड फिरवलं. त्याचा उपयोग नव्हता, कारण वहिनी प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत होत्या. धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, ज्या क्रमाने कढईत पडतात त्याच क्रमाने.

कुलूप उघडलं. व्हायरस येण्याच्या आदल्या दिवसाची प्रत मी लावली. मसाल्याचा फोल्डर होता एवढासा. त्याच्याखाली लग्नं. वर्षावार, गाववार, नावांसकट. दादा रोज दुपारी झोपायचे तेव्हा काउंटरवर वहिनीच असायच्या आणि बॅकअपच्या यादीत एकेका वर्षापुढे खूण करत जायच्या.

लोधिवलीच्या माणसाला मी हळदीचं वर्ष विचारलं. त्याची आई सापडली, पिवळ्या हातांची, कुणावर तरी ओरडत असलेली. तो बघत राहिला.

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बायकोला विचारलं, "आन मला सांगितलं नाय ते? वर तुझ्या ऑर्डरी एवढ्याशा, आन माझंच सगळं भरलंस?"

वहिनी उठल्या. आत खलबत्त्यात काम अर्धं पडलं होतं.

"जे परत बनत नाय ते ठेवा, असं ही बोललेली," त्या जाता जाता म्हणाल्या. "मसाला काय, परत कुटता येतो."