पुढे सरून बसणारा पाहुणा

सकाळी दार उघडण्याआधी काकू एक गोष्ट रोज करायच्या. पुढच्या खोलीत दुरुस्तीला आलेल्या खुर्च्या भिंतीला लागून उभ्या असत. काकू एकेकीच्या बैठकीवर तळहात ठेवून हलकेच दाबायच्या. मान जराशी कललेली, डोळे मिटलेले. कुठे दबतंय, कुठे नाही, हे हाताला कळू द्यायच्या. दुसऱ्या हातात चहाचा कप. चहा उभ्यानेच.

"झाली का नाडी बघून?" काका आतून विचारायचे. "पेशंट वाचेल ना?"

"पेशंट ठीक आहे. बसणारा जड आहे," असं म्हणून काकू पुढच्या खुर्चीकडे सरकायच्या.

गल्लीत त्यांना सगळे खुर्चीवाल्या काकू म्हणत. खचलेल्या खुर्च्या आणि सोफे उसवायचे, जुना काथ्या काढायचा, स्प्रिंगा बांधायच्या, पुन्हा भरून शिवायचं, हे काम त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. काका पाण्याचे मीटर वाचायचे, आता निवृत्त. जन्मभर लोकांच्या जिन्यांखाली वाकून आकडे वाचले आणि त्या नोकरीतून दोन गोष्टी घरी आणल्या: पाठदुखी आणि कुत्र्यांची धास्ती.

घरात खुर्च्यांना तोटा नव्हता, पण सगळ्या परक्या. स्वतःची म्हणावी अशी दोन स्टुलं. एक काकांचं, दुसऱ्यावर कापसाचं पोतं. ते पोतं कधी उचलावं लागलं नाही, कारण काकू बसायच्याच नाहीत. काम उभ्याने, जेवण ओट्यापाशी उभ्याने. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं लहानपणी आई म्हणायची. सासूबाईही तेच म्हणाल्या, फक्त जरा कमी मायेने. काकूंनाही त्याचा उलगडा होत नसे. बसलं की आत काहीतरी सुरू व्हायचं. गॅस बंद केलाय ना? मागचं दार लोटलंय ना? उठून बघितलं की सगळं जागच्या जागी असायचं, आणि तरी परत येऊन बसवत नसे.

आईच्या शेवटच्या आजारपणात धाकटी बहीण उशाशी बसून राहिली होती आणि काकू तांब्या भरून आणत होत्या. तांब्या भरलेलाच होता. तो घेऊन त्या एकदा परत आल्या तेव्हा आई गेलेली होती. बहिणीने त्यावरून कधी शब्द काढला नाही. फक्त त्यानंतर काकू तिच्या घरी गेल्या की ती त्यांना 'बस' म्हणत नसे.

म्हणूनच असेल, पण ज्यांना बसणं जमतं अशा माणसांचं काकूंना फार अप्रूप. त्यातली दोघं तर त्यांच्या मनात कायमची मुक्कामाला आली होती. एक घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांच्या खुर्चीचे हात कोपरांच्या जागी झिजून आतलं पांढरं लाकूड दिसायला लागलं होतं. दुसऱ्या कुणी वाद्य शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या बैठकीला पडलेला खळगा इतका गोल, इतका नेटका, की बाई एकदा टेकल्या की हलत नसणार. या दोघांना काकूंनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. खुर्च्या टेम्पोतून यायच्या आणि टेम्पोतून जायच्या. माणसं काही टेम्पोतून येत नाहीत.

मग संध्याकाळी दुकान आवरलं की काकू तयार खुर्च्या भिंतीपासून ओढून गोल मांडायच्या. काथ्याचे तुकडे झाडायच्या. खिडकीजवळची घड्याळवाल्यांना, उजेड बरा म्हणून. मधली बाईंना. आणि मग भोवती येरझाऱ्या घालत पाहुण्यांचं बोलणं ऐकायच्या. घड्याळवाले कमी बोलत. बाई मधूनच हसत. कुणालाही कुठे जायचं नसे.

"आज कोण कोण आलंय?" काका दारातून विचारायचे.

"नेहमीचेच."

"मग मी आत बसतो बाई. थोर माणसांत माझं काय काम?"

पण गोलातली तिसरी खुर्ची वेगळी होती. दर काही वर्षांनी ती दुरुस्तीला येई आणि दर वेळी तिचं दुखणं तेच. मधल्या स्प्रिंगा जशा बांधून दिल्या तशाच्या तशा ताठ, पाठ नवीकोरी, आणि समोरची कड मात्र पार चेपलेली. कापडावर तिथेच काळपट डाग. पहिल्यांदा काकूंनी त्या कडेवर हात ठेवला तेव्हा चहाचा कप खाली ठेवून दुसराही हात ठेवला. हे माणूस मागे टेकतच नव्हतं. पुढे सरून, कडेला दोन्ही हातांनी धरून, आता उठतो मग उठतो करत बसत होतं. तो डाग तळव्यांच्या घामाचा.

आपल्यासारखं दुसरं कुणी असेल हे काकूंना तोवर सुचलंच नव्हतं. त्यांनी त्या पाहुण्याचं नाव घाईवाले ठेवलं. संध्याकाळच्या बैठकीत घाईवाले सगळ्यांच्या आधी उठू बघत, आणि काकू त्यांना बसा म्हणत नसत. दोघंही दाराशी उभ्याने बोलत. काय, ते काकूंनी कधी काकांनाही सांगितलं नाही.

आता ती खुर्ची तिसऱ्यांदा आली होती. काम होऊनही काकूंनी ती अडवून धरली. आज कापड बरोबर बसलं नाही, उद्या शिलाई उसवली. टेम्पोवाला दोनदा रिकाम्या हाती परतला. तिसऱ्यांदा आला तेव्हा काकू हातातली हातोडी उगाच इकडून तिकडे ठेवत म्हणाल्या, "ज्यांची आहे त्यांनाच पाठव. बसून बघितल्याशिवाय मी देणार नाही."

"इतकी वर्षं कोण बसून बघत होतं, काकू?"

"म्हणून तर परत परत येतेय ना?"

टेम्पोवाल्याला ते पटलं. काकांना पटलं नाही. "आले समजा," ते म्हणाले. "तू विचारणार काय? तुम्हालाही चैन पडत नाही का, असं?"

"हो," काकू म्हणाल्या.

काका पुढचा विनोद करणार होते, पण त्यांनी तो गिळला. उठून त्यांनी दुसऱ्या स्टुलावरचं कापसाचं पोतं उचललं आणि कोपऱ्यात ठेवलं.

त्या संध्याकाळपर्यंत काकूंनी खोली किती वेळा झाडली याला हिशेब नव्हता. खुर्च्या गोल मांडल्या, मोडल्या, पुन्हा मांडल्या. दार वाजलं तेव्हा त्या नेमक्या मागच्या दाराची कडी तपासायला गेल्या होत्या.

आल्या त्या एक शांत, भरदार अंगाच्या बाई. कुठल्याशा ऑफिसात नकाशे काढायच्या. सोबत साखळीला एक म्हातारं तपकिरी कुत्रं. काका स्टुलावर बसले होते, ते पाय वर घेऊन बसले.

"चावत नाही हो तो," बाई म्हणाल्या.

"सगळे मालक असंच म्हणतात," काका म्हणाले. "माझ्या पोटरीला विचारा."

बाई हसल्या. मग काकूंनी दाखवलेल्या खुर्चीत बसल्या. पार मागे सरून, पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून. तळ्यात दगड जावा तशा खाली गेल्या आणि तिथेच राहिल्या. "छान झालीये," त्या म्हणाल्या.

काकू बघतच राहिल्या. "तुम्ही... अशा बसता?"

"मग कशी बसू?"

"म्हणजे पुढे सरून. कडेवर."

बाईंना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी कुत्र्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "अहो, या खुर्चीत कुणी बसतच नाही. ही याची. दारासमोर आहे ना. मी कामावर गेले की हा कडेवर हनुवटी टेकून दाराकडे बघत उभा राहतो. मी येईपर्यंत. लाळ गळते, केस पडतात. मीच लाजेपोटी घासूनपुसून पाठवते तुमच्याकडे."

काकांनी हसू आवरण्यासाठी खिडकीबाहेर बघितलं. काकू उभ्याच होत्या. इतक्या संध्याकाळी दाराशी उभं राहून ज्याच्याशी बोललो तो माणूस नव्हताच, हे त्यांच्या अंगातून सावकाश खाली उतरत होतं. रडू येईल असं त्यांना वाटलं, आणि ते येऊ नये म्हणून त्या ओट्याकडे गेल्या, तिथून दाराकडे, दाराकडून पुन्हा ओट्याकडे.

"अगं, तुझ्या मागे बघ," काका म्हणाले.

कुत्रं त्यांच्या मागोमाग चालत होतं. बाईंच्या हातून साखळी कधी सुटली कुणाला कळलं नव्हतं. काकू ओट्यापाशी थांबल्या की ते थांबे, वळल्या की वळे.

"हा घरीही असाच," बाई म्हणाल्या. "रात्री चार जागा बदलतो. एका जागी म्हणून ठरत नाही."

काकूंनी वळून त्याच्याकडे बघितलं. त्यानेही बघितलं. मग ते खुर्चीकडे गेलं. बाई उठून बाजूला झाल्या. कुत्र्याने सवयीने कडेवर हनुवटी ठेवली आणि लगेच उचलली. पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. आणि काकूंकडे पाहिलं.

"टोचतंय त्याला," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "मीच कड घट्ट भरली. दर वेळी जास्तच घट्ट भरत गेले, चेपते म्हणून. इथे नुसता कापूस हवा. अहो, ती कात्री द्या इकडे."

"मी पाय खाली ठेवणार नाही," काका म्हणाले. पण ठेवले.

काकू खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या. पुढची शिलाई उसवली, हात आत घालून काथ्या उपसला, पोत्यातला कापूस पिंजून मूठमूठ भरला, बोटांनी दाबून बघितला. मग वाकडी सुई घेतली. बाई काकांच्या स्टुलाशेजारच्या स्टुलावर बसून त्यांना विचारत होत्या की पाण्याचे पाइप जमिनीखालून नक्की कुठून जातात, कारण त्यांच्या नकाशांत ते कधीच बरोबर नसत. आणि मधेच आत जाऊन चहा ठेवून आलेले काका हातवारे करून सांगत होते. कड शिवायची राहिली होती म्हणून कुत्र्याने वाट पाहून शेवटी हनुवटी काकूंच्या मांडीवर टेकली आणि एक लांब श्वास सोडला. त्याचं डोकं जड आणि गरम होतं.

शिलाई संपली. दोरा तोडला. काकू हलल्या नाहीत.

आत चहा उकळून वर येत असल्याचा आवाज आला. काकांनी मान वळवली. "अगं, उतू जाईल. बघतेस ना?"

"तुम्हीच बघा ना," काकू म्हणाल्या. "मला आत्ता उठता येत नाहीये."